अनोळखी कुत्रं दिसलं की अंगावर जाणारा पश्मी : आधी अंतर, मग ओळख

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा रॉकी हा कुत्रा दोन वर्षांचा, पश्मी या शिकारी जातीचा क्रॉस. घरात एकदम गरीब, मुलांच्या पांघरुणात शिरून झोपणारा. शेजारच्या लॅब्रॅडॉरशी पिल्लू असल्यापासून दोस्ती. पण फिरायला नेलं आणि लांब कुठं अनोळखी कुत्रं दिसलं, की आधी कुईकुई, मग मागच्या दोन पायांवर उभं राहून भुंकणं आणि पट्ट्याला हिसके. दोनदा "बघू या काय करतो" म्हणून जवळ जाऊ दिलं. दोन्ही वेळा क्षणभर वास घेतला आणि तोंड टाकलं. मागच्या आठवड्यात ओढून बाजूला घेताना ताईंच्याच पोटरीला दात लागले. आजूबाजूच्यांचे सल्ले तीन : "एकदा भिडू द्या की, आपोआप सुधारतंय", "गळ्यात काट्याची साखळी घाला" आणि "गाडीमागं पळवा ओ, दमलं की गप बसतंय". शिवाय जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला बहीण तिची कुत्री घेऊन राहायला येणार आहे. ताई विचारतात, रॉकी रागीट झालाय का, आणि यातलं काय करू?

ताई, त्या तीनपैकी एकही सल्ला ऐकू नका. का ते सांगतो, पण आधी पोटरीचं. कातडी फाटली असेल किंवा रक्त आलं असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची असते. हळद, चुना, मिरची असलं काही लावायचं नसतं. आणि कुत्रं घरचं असलं, त्याला रेबीजची लस दिलेली असली, तरी डॉक्टरांना दाखवायचं असतं. राहून गेलं असेल तर आजच जा.

तो चावा तुमच्यासाठी नव्हता. समोरच्या कुत्र्यापर्यंत पोचता येईना, अंगात उसळी मावेना, आणि त्याच क्षणी पाठीमागून कुणीतरी खेचलं. जे जवळ होतं त्यावर तोंड पडलं. अशा चाव्यात कुत्र्याच्या मनात मालकाविषयी काही नसतं, पण दात मात्र खरे असतात. म्हणून पुढचे काही महिने रॉकीचा पट्टा मुलांच्या हातात द्यायचा नाही, आणि तो उसळलेला असताना कुणीही त्याच्या तोंडाजवळ, गळ्याजवळ हात घालायचा नाही. पट्ट्याची लांब बाजू धरून, स्वतः चालत, त्याला घेऊन निघायचं.

आता रागीट झालाय का याविषयी. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला राग कमी आणि अधीरपणा जास्त दिसतो. भ्यालेलं कुत्रं भुंकताना वजन मागे टाकतं, शेपूट खाली घेतं, समोरचं कुत्रं निघून गेलं की सुटकेचा श्वास टाकतं. रॉकीचं उलट आहे. तो पुढे झेपावतो, कुईकुई करतो, समोरचं कुत्रं दूर गेलं तर जास्त बिथरतो. त्याला तिथं पोचायचं असतं. पिल्लूपणी एकाच कुत्र्याशी खेळून वाढलेल्या कुत्र्यांत हे नेहमी दिसतं. पिल्लाचं वय साधारण तीन ते चौदा आठवडे असतं तेव्हा जगात काय काय असतं याची नोंद मेंदू पटकन घेतो. त्या काळात रॉकीला एक कुत्रं मिळालं, बाकीच्यांशी कसं वागायचं हे शिकायची संधी मिळाली नाही. मग वय वाढलं, ताकद वाढली, ओढ तशीच राहिली. पट्टा ताणला गेला की ओढीची चिडचिड होते, आणि चिडचिडीच्या शिखरावर तो समोरच्या कुत्र्याच्या नाकाला नाक लावतो. तिथं तोंड टाकलं जाणार नाही तर काय होणार?

एक गोष्ट मात्र तुम्ही नीट बघा आणि स्वतःला खरं उत्तर द्या. लहान आकाराचं, पळणारं कुत्रं दिसलं तर रॉकी कधी आवाज न करता गोठल्यासारखा उभा राहतो का? डोकं खाली, तोंड मिटलेलं, नजर एका जागी, आणि मग एकदम सुटतो? पश्मी आणि कारवान ही शिकारी कुत्र्यांची रक्तं आहेत. लांबवर हलणारी गोष्ट नजरेने टिपून तिच्यामागे धावण्यासाठीच आपल्या भागातल्या माळरानावर ती सांभाळली गेली. आरडाओरडा करणारा रॉकी ही एक गोष्ट आणि गप्प होऊन रोखून बघणारा रॉकी ही दुसरी. दुसरी असेल तर खालचं काम मुसकं घालूनच आणि माहितगार माणूस बरोबर घेऊनच करा.

आता सल्ल्यांकडे येतो. "भिडू द्या" हा सगळ्यात महागात पडणारा सल्ला. दोन कुत्री भिडली की त्यातून एक काहीतरी शिकतंच, पण ते काय शिकेल हे आपल्या हातात नसतं. रॉकी जिंकला तर तोंड टाकल्यावर समोरचा पळतो हे शिकेल. हरला तर अनोळखी कुत्रं म्हणजे धोका हे शिकेल, आणि आजचा अधीरपणा उद्या भीतीत बदलेल. भीतीतून चावणारं कुत्रं सुधारायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. शिवाय पश्मीची कातडी पातळ असते. दुसऱ्या जातीच्या कुत्र्याला जिथं ओरखडा निघतो, तिथं याला टाके पडतात.

काट्याची साखळी किंवा गळा आवळणारी साखळी याविषयी मी ठाम आहे. अनोळखी कुत्रं दिसलं आणि त्याच क्षणी मानेत वेदना झाली, असं रोज घडलं तर कुत्र्याचा मेंदू त्या दोन गोष्टी एकत्र बांधतो. पावलॉव्हच्या कुत्र्यांची घंटा आणि लाळ आपण शाळेत वाचलेली असते, हे तेच, फक्त अन्नाच्या जागी वेदना. काही कुत्री मार खाऊन गप्प होतात आणि लोक म्हणतात फरक पडला. प्रत्यक्षात गुरगुरणं बंद झालेलं असतं. गुरगुरणं ही सूचना आहे, ती मिळत होती म्हणून माणसं वेळेवर बाजूला होत होती. सूचना दाबली की एक दिवस कुत्रं न सांगता चावतं. अमेरिकेतल्या वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली की कुत्र्याला शिकवताना, अगदी आक्रमक कुत्र्याच्या बाबतीतही, शिक्षेची आणि वेदनेची साधनं वापरू नयेत. विजेचा धक्का देणारे पट्टे ऑनलाइन सहज मिळतात, त्यांच्याही वाटेला जाऊ नका. जमिनीवर उलटं पाडून दाबून धरणं, "मालक कोण ते दाखवणं" हेही त्यातच आलं.

गाडीमागे पळवण्याचा सल्ला चांगल्या मनाने दिला जातो, म्हणून त्यावर जरा थांबतो. होटगी रोडला, विजापूर रोडला पहाटे अ‍ॅक्टिव्हाच्या मागे पट्टा बांधून पळणारी कुत्री दिसतात. पश्मीला धावायची गरज आहे यात वाद नाही. पण रोज गाडीमागे पळवल्याने कुत्रं शांत होत नाही, त्याचा दम वाढतो. महिन्याभराने तेच अंतर त्याला पुरत नाही. धावताना अंगात जी उत्तेजना चढते ती घरी आल्यावर लगेच उतरत नाही. एप्रिलमधला आपल्याकडचा पत्रा जसा ऊन गेल्यावरही रात्री दहापर्यंत धग टाकत राहतो, तसं कुत्र्याचं शरीर असतं. सकाळी गल्लीतल्या कुत्र्यांशी भुंकाभुंकी झाली, दुपारी गेटवर कुरिअरवाला आला, संध्याकाळी शेजारी फटाके वाजले, यातलं प्रत्येक आदल्यावर चढत जातं. मग रात्री एक साधं, गरीब कुत्रं पलीकडच्या फुटपाथवरून जातं आणि रॉकी फुटतो. तुम्हाला वाटतं, आज काहीच कारण नव्हतं. कारण सकाळपासून साचत होतं.

म्हणून सुरुवात रस्त्यावर करायची नाही, घरात करायची. पहिले दोन आठवडे रॉकीला एकही अनोळखी कुत्रं जवळून दिसणार नाही अशी व्यवस्था करा. जुळे सोलापुरातल्या बहुतेक घरांना गच्ची आणि जाळीचं गेट असतं, आणि दिवसभर तिथं उभं राहून रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्यावर भुंकणं हा रॉकीचा रोजचा सराव असणार. गेटला आतून हिरवी शेडनेट किंवा जुनी चादर बांधा. गच्चीचं दार लावा. एवढ्यानेच काही घरांत निम्मा फरक पडतो, कारण कुत्रं जे रोज करतं त्यातच पारंगत होतं.

फिरणं चुकवायचं नाही, पण वेळ आणि रस्ता बदला. आपल्याकडे पारा ४० च्या वर जाण्याच्या दिवसांत पहाटेशिवाय पर्याय नसतो (तळहाताची मागची बाजू सात सेकंद डांबरावर टेकवून बघा, चटका बसला तर कुत्र्याचे पायही भाजतात), आणि नेमक्या त्याच वेळी गल्लीतली कुत्री सगळ्यात जागी असतात. म्हणून या दोन आठवड्यांत त्याला गाडीत घालून नवीन लेआउटच्या मोकळ्या रस्त्यांवर न्या, जिथं अजून घरं झालेली नाहीत आणि उकिरडाही नाही. उकिरडा असेल तिथं कुत्री असतातच. संभाजी तलावाच्या काठी सकाळी पाळीव कुत्र्यांची आणि चालणाऱ्यांची गर्दी असते, ती जागा सध्या विसरा. मोकळं रान हवं म्हणून नान्नजच्या बाजूला नेऊन पट्टा काढण्याचा मोह मात्र अजिबात नको. तिथं माळढोक अभयारण्य आहे, त्या माळावर काळवीट, लांडगे, खोकड आहेत. आपलं कुत्रं त्यांच्यामागे सोडणं किंवा सशामागे पळवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो, आणि रॉकीच्या डोक्यातला पाठलाग आणखी पक्का होतो.

मोकळ्या रस्त्यावर त्याला चालवायची घाई करू नका. लांब पट्टा द्या आणि वास घेऊ द्या. एकाच खांबापाशी पाच मिनिटं थांबला तरी चालेल. नाक चालू असतं तेव्हा कुत्र्याचा श्वास, चाल, डोकं सगळं सावकाश होतं. घरीही हेच करता येतं. अंगणात कडक भाकरीचे बारीक तुकडे विखरून टाका आणि त्याला शोधत बसू द्या. साधी भाकरी हवी, चटणी लागलेली नको. कांदा, लसूण, मनुका कुत्र्याला विषारी असतात. चघळणं आणि चाटणं यानेही कुत्री निवतात.

दारातून बाहेर पडण्याची पद्धत हा भाग लोक सोडून देतात, आणि मला वाटतं निम्मी लढाई तिथंच हरली जाते. पट्टा खुंटीवरून काढला की रॉकी गोल गोल फिरतो, उड्या मारतो, भुंकतो, आणि तुम्ही "अरे थांब, थांब" म्हणत कसाबसा पट्टा अडकवून दार उघडता, असंच होत असेल ना? म्हणजे रस्त्यावर पाय टाकतानाच तो टोकाला पोचलेला असतो. यापुढे उड्या मारायला लागला की पट्टा परत खुंटीला लावायचा, काही न बोलता खुर्चीत बसायचं. चारही पाय जमिनीवर आले की परत उठायचं. सुरुवातीला बाहेर पडायला अर्धा तास लागेल. चालेल. दार उघडलं आणि तो झेपावला तर दार बंद. शांत उभा राहिला तर दार उघडं. यात रागवायचं नाही, ओरडायचं नाही; तुमचा चढलेला आवाज त्याला तुम्हीही भुंकताय असाच वाटतो.

साहित्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. पश्मीचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, त्यामुळे साध्या पट्ट्यातून मागे हिसका देऊन तो सहज निसटतो. छातीवर कडी असलेला हार्नेस घ्या, शिवाय गळ्यात मार्टिंगेल पट्टा ठेवा (ओढला की ठरावीक मापापर्यंतच घट्ट होणारा), आणि हातातला पट्टा दोन्हीला जोडा. हातातला पट्टा दोन ते तीन मीटरचा, साधा, जाड कापडाचा हवा. बटण दाबलं की लांब होणारा दोरीचा पट्टा यासाठी अगदी वाईट, तो सतत ताणलेलाच राहतो. आणि पट्टा हाताला गुंडाळू नका, बोटं मोडतात.

दोन आठवडे झाले, गेटवरचं भुंकणं कमी झालं, दारातून शांत बाहेर पडायला लागला, की मग खरं काम.

यात सगळं अंतरावर चालतं. कुत्रं दिसतंय पण रॉकी अजून खाऊ घेतोय, नावाने हाक मारली तर कान तरी हलवतोय, असं जे अंतर, तिथून सुरुवात करायची. लॅब्रॅडॉरच्या मालकाने तुम्हाला तीस मीटर सांगितले असतील तर ते रॉकीला लागू नाहीत. याची नजर शिकाऱ्याची आहे. त्याला मैदानाच्या दुसऱ्या टोकाचं कुत्रं तुमच्याआधी दिसतं. शंभर मीटर लागले तर शंभर. लोकांना हे इतकं लांब अंतर हास्यास्पद वाटतं आणि ते आठवड्याभरात जवळ जायला लागतात. सगळं फिसकटतं ते इथंच.

ओळखीच्या कुणाला तरी त्यांचं शांत कुत्रं घेऊन ठरलेल्या जागी उभं राहायला सांगा. तुम्ही लांबून या. रॉकीने कुत्रं पाहिलं, एक क्षण जाऊ द्या, आणि तोंडात खाऊ. परत पाहिलं, परत खाऊ. समोरचं कुत्रं भिंतीआड गेलं की खाऊ बंद. क्रम उलटा होता कामा नये. आधी खाऊ दाखवून त्याचं लक्ष वळवलं तर तो खाऊवरून कुत्र्याचा अंदाज घ्यायला शिकतो, आणि पिशवीचा आवाज आला की मान उंच करून कुत्रं शोधायला लागतो. कुत्रं दिसलं म्हणून खाऊ आला, असंच त्याच्या डोक्यात बसायला हवं. खाऊही रोजचा नको. उकडलेलं चिकन, कलेजी, पनीर, वासाची सुकट, यातलं त्याला सगळ्यात आवडतं ते, शेंगदाण्याएवढे तुकडे करून, आणि ते फक्त याच कामासाठी ठेवायचं. घरात ते दिसताच कामा नये.

काही दिवसांनी एक सुंदर गोष्ट होते. रॉकी कुत्र्याकडे बघेल आणि मग स्वतःहून मान वळवून तुमच्याकडे बघेल, "कुठाय?" असं. त्या दिवसापासून पद्धत बदला. कुत्र्याकडे बघितल्यावर लगेच देऊ नका, तुमच्याकडे वळण्याची वाट बघा, वळला की द्या आणि दोन पावलं मागे घेऊन जा. मागे जाणं हेही त्याला बक्षीस असतं, ताण उतरतो. हे सलग तीन-चार वेळा सहज जमलं तर पुढच्या वेळी पाच पावलं जवळून सुरुवात करा. दहा मिनिटांपेक्षा जास्त करू नका, आणि रोज नको, आठवड्यातून तीनदा पुरे. मधल्या दिवसांत डोक्याला विश्रांती हवी.

चुकतंय हे तो ओरडायच्या आधी कळतं. चघळताना तोंड मिटून थांबला, खाऊ हिसकावून घ्यायला लागला, बोटांना दात लागायला लागले, कान पुढे आणि शेपूट ताठ वर गेली, पाठीवरचे केस उभे राहिले, हाकेला कान हलेना, यातलं एकही दिसलं की तुम्ही फार जवळ आहात. निघा. शिकवण्याचा प्रयत्न तिथं करू नका. उसळलेल्या मेंदूत काही शिरत नाही, "बस, बस" ओरडून काही होत नाही.

निघता येण्यासाठी एक आदेश घरात पक्का करा. "चल मागं" म्हणायचं, स्वतः गर्रकन वळायचं, चार पावलं पळायचं आणि खाऊ द्यायचा. हॉलमध्ये, अंगणात, रिकाम्या रस्त्यावर, कुत्रं नसताना खूपदा. हे इतकं अंगवळणी पडलं पाहिजे की कोपऱ्यावर अचानक कुत्रं समोर आलं तर रॉकीचे पाय आधी वळतील. वळायला जागाच नसेल, तर मूठभर खाऊ जमिनीवर टाका, दोघांच्या मध्ये तुम्ही उभ्या राहा, किंवा उभ्या केलेल्या गाडीच्या आड जा. नजर तुटली की अर्धं काम होतं.

गल्लीतल्या कुत्र्यांचं वेगळं बघावं लागतं, कारण ती पट्ट्यात नसतात आणि तुमचं अंतर पाळत नाहीत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी केलेली कुत्री जिथून उचलली तिथंच परत सोडतात. म्हणजे तुमच्या रस्त्यावरची कुत्री बहुधा तीच राहणार. हे तुमच्या फायद्याचं आहे. कुठल्या टोळीची हद्द कुठं सुरू होते, त्यांना कोण कुठं खायला घालतं, हे ओळखून रस्ता आखता येतो. बहुतेक टोळ्या आपल्या हद्दीपर्यंतच पाठलाग करतात. ती भुंकत आली तर पळू नका, पाठ दाखवू नका, तिरकं चालत हद्दीबाहेर पडा. नुसतं खाली वाकल्याचा आविर्भाव केला तरी आपल्याकडची कुत्री मागे सरतात. दगड खरंच मारायची गरज नाही, आणि मारलेला दगड ती रॉकीच्या नावावर लक्षात ठेवतात. बटणाची छत्री बरोबर ठेवा. एकदम उघडली की मध्ये भिंत तयार होते. भाद्रपदात, कुत्री माजावर असते तेव्हा, दहा-दहा नर एकत्र फिरतात आणि ओळखीची गरीब कुत्रीही त्या दिवसांत भांडतात. त्या महिन्यात सराव बंद ठेवा, रस्ता बदला.

पट्टा न लावता पाळीव कुत्रं सोडून "काय करत नाही ओ आमचा, लै गरीब हाय" म्हणणारे मालकही भेटतीलच. वाद घालू नका, लांबूनच मोठ्यांदा सांगा, "माझा चावतो, तुमचा धरा." हे खरं आहे आणि लगेच काम करतं. पाळीव जनावरापासून दुसऱ्याला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे. तो त्यांना लागू होतो तसा तुम्हालाही.

तरीही जुंपलीच तर हात घालू नका आणि दाताने धरलेलं असताना ओढू नका, ओढल्याने कातडी फाटते. तोंडावर पाणी मारा, मध्ये छत्री, फळी, प्लास्टिकची खुर्ची जे मिळेल ते घाला. दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांडीपाशी धरून उचलायचे आणि मागे चालत जायचं.

डॉक्टरकडे एकदा नक्की न्या, आणि "लस द्यायला आलोय" म्हणून नको, "स्वभाव बदललाय" असं सांगून न्या. कानाचा जुना संसर्ग, सांध्याचं दुखणं, थायरॉइड यामुळे कुत्री चिडकी होतात. आपल्याकडे गोचीड बारा महिने असतात, आणि गोचीड तापाने आतून बारीक झालेलं कुत्रं बाहेरून नुसतं तिरसट दिसतं. रक्त तपासून घ्या. नसबंदीविषयी लोक फार खात्रीने बोलतात. माजावरच्या मादीमागे भटकणं आणि नरानरांतली काही भांडणं तिने कमी होतात, पण रस्त्यावरची उसळी कमी होईलच असं नाही, आणि भित्र्या कुत्र्यांत कधी कधी वाढतेही. डॉक्टरांशी बोलून ठरवा, ती या प्रश्नाचा उपाय म्हणून करू नका.

मुसकं घालायला लाजू नका. मात्र जाळीचं, पिंजऱ्यासारखं हवं, ज्यात रॉकीला तोंड उघडून धापा टाकता येतील, पाणी पिता येईल. तोंड गच्च बांधणारं कापडी मुसकं सोलापूरच्या उन्हात जीव घेऊ शकतं, कारण कुत्रं अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर फेकतं. आतून थोडं दही लावा, त्याला स्वतः तोंड घालून चाटू द्या, आठवडाभर नुसतं एवढंच. पट्टी नंतर लावा.

बहीण येईल त्याविषयी. पहिली भेट घरात, दारात, जिन्यात नको. ती सोलापुरात पोचली की तुमच्या गल्लीबाहेर मोकळ्या रस्त्यावर भेटा. दोन्ही कुत्री पट्ट्यात, रस्त्याच्या दोन कडांना, एकाच दिशेने चालायची, माणसं मधल्या बाजूला. समोरासमोर आणायचं नाही. वीस मिनिटं चालल्यावर दोघांची पावलं सैल पडली, दोघं जमिनीचा वास घ्यायला लागली, तर अंतर थोडं कमी करा. मग एकाच्या मागून दुसरं, जेणेकरून मागचीला पुढच्याचा वास मिळेल. जवळ आणायची वेळ आली तर पट्टे सैल, तीन सेकंद वास, "चल मागं", खाऊ. पुन्हा तीन सेकंद. रॉकी दोनदा तोंड टाकलेला आहे, तेव्हा मुसकं घालूनच. पहिल्या दिवशी एवढं नाही जमलं तर घरात दोन खोल्या, मध्ये बंद दार, आणि खाण्याची भांडी, खेळणी, पलंग वेगळे. गड्ड्याच्या दिवसांत शहरात गर्दी आणि आवाज दोन्ही वाढलेले असतात, यात्रेच्या बाजूला दोघांपैकी कुणालाच नेऊ नका. आणि सगळे यात्रेला जाणार असतील तेव्हा ती दोघं एकटी एकत्र राहता कामा नयेत.

किती दिवस लागतील? महिने लागतील. सहा महिन्यांनी रॉकी रस्त्याच्या या कडेने आणि दुसरं कुत्रं त्या कडेने गेलं, आणि तो तुमच्याकडे बघत निघून गेला, तर काम उत्तम झालं असं मी म्हणेन. सगळ्या कुत्र्यांशी त्याची मैत्री व्हायलाच हवी असं काही नाही. मोठ्या वयाची बरीच कुत्री अनोळख्यांशी खेळत नाहीत आणि त्यांचं काही अडत नाही. त्याच्यासाठी शेजारचा लॅब्रॅडॉर आहे. दिवाळीनंतर, आजारपणानंतर, घरी पाहुणे येऊन गेल्यावर तो चार पावलं मागे गेलेला दिसेल. तेव्हा अंतर परत वाढवायचं आणि तिथून चालू करायचं.

एक वही ठेवा. तारीख, जागा, समोरचं कुत्रं कसं होतं, किती अंतर होतं, खाऊ घेतला का, उसळल्यावर शांत व्हायला किती वेळ लागला. हा शेवटचा आकडा सगळ्यात आधी सुधारतो; भुंकणं तेवढंच असताना आधी वीस मिनिटं फुरफुरणारा रॉकी तीन मिनिटांत जमिनीचा वास घ्यायला लागला, तर दिशा बरोबर आहे. दोन महिन्यांत तो आकडा हललाच नाही, किंवा मधल्या काळात माणसाला पुन्हा दात लागले, तर एकट्याने रेटू नका. ती वही घेऊन डॉक्टरकडे जा, आणि वर्तनावर काम करणाऱ्या, कुत्र्याला न मारता शिकवणाऱ्या माणसाला घरी बोलावून त्याला रॉकी प्रत्यक्ष दाखवा.